हिवाळ्यात बसणारा आवाज

‘नाव : त्रिदिवेश पुरकायस्थ. मुक्काम : चुंचुडा, जिल्हा हुगळी. व्यवसाय : ध्वनि-अन्वेषक. खरखर, घरघर, गुणगुण, प्रतिध्वनी, अचानक शांतता आणि संशयास्पद शांतता यांचा तपास केला जाईल. माझ्या कानांना आजवर कोणीही फसवू शकलेलं नाही. मानधन नाही. आभार मानण्यास हरकत नाही.’

हा मजकूर त्रिदिवेशबाबूंनी स्वतःविषयी स्वतःच लिहिला होता, आणि ‘श्रुतिधर साहाय्य मंडळा’च्या इंटरनेटवरच्या फलकावर त्यांच्या प्रत्येक उत्तराखाली तो आपोआप उमटत असे. उत्तर कधीकधी एका शब्दाचं असे. मजकूर मात्र दर वेळी पूर्ण.

श्रुतिधर हे आवाज मुद्रित करण्याचं, कापण्याचं आणि जोडण्याचं सॉफ्टवेअर. मूळ नाव काहीतरी लांबलचक आणि परदेशी. जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून ते लिहिलंय आणि फुकट वाटलंय. फुकट असल्यामुळे बंगालात त्याला भक्त पुष्कळ. कविता म्हणणारे, श्रुतिनाट्य करणारे, आणि श्रुतिनाट्यात घेतलं नाही म्हणून चिडून स्वतःचं वेगळं श्रुतिनाट्य काढणारे. यांच्यापैकी कुणाचं घोडं अडलं की तो मंडळाच्या फलकावर लिहितो. ज्याला उत्तर येतं तो उत्तर देतो. ज्याला येत नाही तो आधी देतो.

त्रिदिवेशबाबू नेहमी पहिले असत.

त्यांची हयात रेल्वेच्या हरवलेल्या सामानाच्या कचेरीत गेली होती. वस्तूंना मालक आणि मालकांना वस्तू शोधून देण्याचं काम. त्या काळातली एक काळी छत्री अजून त्यांच्या दाराआड टांगलेली होती. तिचा तपास चालू आहे, असं ते सांगत, आणि पावसाळ्यात तो तपास भर रस्त्यात चालताना दिसे. निवृत्तीनंतर ते हरवलेल्या आवाजांकडे वळले. त्यांची पद्धत शास्त्रशुद्ध होती. पहिला प्रश्न कायम एकच : ‘आवृत्ती कोणती?’ दसऱ्याला मंडळातल्या कुणी ‘सर्वांना शुभ विजया’ असं लिहिलं, तरी खाली त्रिदिवेशबाबू विचारत, ‘आवृत्ती कोणती?’

आता, डिटेक्टिव्ह म्हटला की टोपी आलीच. त्रिदिवेशबाबूंची टोपी तपकिरी लोकरीची होती, माकडटोपी, त्यांच्या पत्नीने, शेफालीदेवींनी, दुहेरी विणलेली. तिच्यातून डोळे, नाक आणि मत एवढंच बाहेर येई. दिवाळीत कालीपूजेचे दिवे विझले की ती डोक्यावर चढायची आणि वसंतपंचमीला सरस्वतीपूजेची पुष्पांजली वाहून झाली की उतरायची. मध्ये ती फक्त अंघोळीपुरती उतरे, आणि मधल्या काळात अंघोळीचं प्रमाण बेताचंच असे.

याच मधल्या काळात, त्रिदिवेशबाबूंनी दर वर्षी पाहिलं होतं, बंगालभरच्या आवाजांना एक गूढ रोग होई. लोक मंडळाकडे आपली ध्वनिमुद्रणं पाठवत; त्रिदिवेशबाबू हेडफोन चढवून ऐकत; आणि ऐकावं तो आवाज बसलेला. धार गेलेली, ‘स’ आणि ‘श’ गारठून गेलेले, जणू माणूस गादीखाली बसून बोलतोय. सरस्वतीपूजेनंतर सगळे आपोआप बरे होत. या रोगाला त्यांनी नाव दिलं होतं : शीतमंदता. त्याच्यावर त्यांनी श्रुतिधरच्या मूळ कारागिरांना सविस्तर निवेदन पाठवलं. बर्फाळ देशातल्या एका कारागिराचं उत्तर आलं : ‘आमच्याकडे आज उणे अठरा आहे. आम्हाला असं काही आढळलं नाही.’

“आढळणार कसं?” त्रिदिवेशबाबू टुटुलला म्हणाले होते. “त्यांची यंत्रं सरावलेली. आपलं यंत्र बारा अंशांनाच कुडकुडतं.”

टुटुल हा शेफालीदेवींचा धाकटा भाऊ आणि त्रिदिवेशबाबूंचा सहायक; बहिणीच्या नवऱ्याला तो बंगाली रीतीने जामाईबाबू म्हणे. वय बावन्न, डोक्याला टक्कल. पण बंगालात पाळण्यातलं लाडकं नाव माणसाला स्मशानापर्यंत पोचवून मगच परत येतं, तेव्हा टुटुल तो टुटुलच. त्याने एकदा धीर करून म्हटलं होतं, “जामाईबाबू, सिलिगुडीचा अनुपम लिहितो की त्याला सगळं नीट ऐकू येतंय.”

“असंस्कृत कान,” जामाईबाबू म्हणाले होते. “आणि जरा मोठ्याने बोल. तुझाही घसा धरलाय.”

हिवाळ्याचा एकच फायदा त्यांना जाणवे. शेफालीदेवींचा स्वभाव त्या दिवसांत फार मवाळ होई.

तर, त्या वर्षी कृष्णनगरच्या मंदिरा भौमिक यांनी फलकावर एक साधा प्रश्न टाकला. अंधांच्या शाळेतल्या दहावीच्या मुलांसाठी त्या पाठ्यपुस्तकं वाचून मुद्रित करत होत्या. मुलं कानांनी अभ्यास करायची आणि परीक्षा फेब्रुवारीत होती. प्रश्न असा : ‘फायली फार मोठ्या झाल्यात, शाळेला मेलने जात नाहीत. काय करू?’ सोबत नमुना म्हणून इतिहासाचा एक धडा.

त्रिदिवेशबाबूंनी नमुना ऐकला आणि उत्तर लिहिलं : ‘फायलीचा आकार ही किरकोळ बाब आहे. तुमचा आवाज आजारी आहे.’

मंदिरा तोवर ठणठणीत होती. पण एवढा मोठा माणूस, खाली एवढा मोठा मजकूर. ती घाबरली. तिने विचारलं, ‘दादा, मग काय करू?’ आणि उपचार सुरू झाले.

प्रथम संशय नव्या आवृत्तीवर. तिने जुनी आवृत्ती घातली, इतिहास पुन्हा वाचला. आवाज बसलेलाच. मग संशय दमटपणावर. तिने लॅपटॉप गच्चीवर, वड्यांच्या शेजारी, उन्हात वाळवला. वड्यांना फरक पडला, आवाजाला नाही. मग गल्लीत कापूस पिंजणाऱ्यावर संशय आला, कारण रजयांचा मोसम म्हणजे हवेत कापूस आणि कापूस म्हणजे माइकच्या फुप्फुसात कापूस. पिंजारी रविवारी दुसऱ्या गावाला गेला, तरी आवाज तसाच. शेवटी त्रिदिवेशबाबूंनी रामबाण सोडला : ‘ट्रेबल वाढवा.’ म्हणजे आवाजाची धार वाढवा. वाढवली. ‘अजून.’ वाढवली. ‘अजून.’ तिसऱ्या खेपेला त्यांनी लिहिलं, ‘आता कुठे माणसात येतोय.’

भूगोल आणि इतिहास त्या औषधावर शाळेत गेले. पेनड्राइव्हवर घालून शाळेचा शिपाई घेऊन गेला. चार दिवसांनी फलकावर मंदिराचा मजकूर आला.

‘दादा, शाळेकडून निरोप आला. मुलं म्हणतात, दिदींचा आवाज ऐकला की दात शिवशिवतात. एका मुलीने भूगोल सोडूनच दिला. दोष माझ्याच गळ्यात असणार. तुम्ही इतकं केलंत, पण शनिवारी मी शाळेला सांगते की दुसरं कुणी बघा. परीक्षा तोंडावर आलीय, मुलांचं नुकसान नको.’

त्रिदिवेशबाबूंनी हेडफोन काढला.

“टुटुल, बॅग भर. गुन्हा त्या बाईंच्या घरातच घडलाय. घटनास्थळ पाहिल्याशिवाय काही खरं नाही.”

“शनिवारी थंडी फार आहे म्हणतात.”

“म्हणून तर जायचं. रोग अंगात असताना पकडावा.”

शनिवारी सकाळी दोघे नावेने गंगा ओलांडून नैहाटीला उतरले आणि तिथून गाडीने कृष्णनगरला. टुटुलच्या हातात थर्मास, जास्तीचा मफलर आणि हेडफोनची पेटी. त्रिदिवेशबाबूंच्या हातात भिंग. आवाजाच्या तपासात भिंगाचं काय काम, हे टुटुलने विचारलं नाही. मागे एकदा विचारलं होतं.

दार मंदिराच्या सासूबाईंनी उघडलं. कनकलता भौमिक, ऐंशीच्या घरातल्या, बारीक, पांढऱ्या साडीवर लाल शाल, आणि नजर अशी की बाजारातला मासा शरमेने स्वतःच आपलं वय सांगेल.

“कोण पाहिजे?”

“थांबा, मासीमा, मी सांगतो,” त्रिदिवेशबाबू म्हणाले आणि आत डोकावले. “या घरात एक डावखुरी बाई आहे, ती नुकतीच लांबच्या प्रवासाहून आलीय, आणि तिचा नवरा फौजेत आहे.”

“सून माझी उजव्या हाताची आहे. सकाळपासून स्वयंपाकघराबाहेर पडली नाही. मुलगा विमा कंपनीत आहे, वर झोपलाय.” त्यांनी टुटुलकडे पाहिलं. “याला बरं नाही का?”

“बरं आहे,” टुटुल म्हणाला. “नेहमी असंच असतं.”

मंदिरा बाहेर आली. चाळिशीची, शांत चेहऱ्याची बाई. तीन वेळा तीच पुस्तकं मोठ्याने वाचून तिचा घसा आता खरोखरच बसायला आला होता. तिने वाकून नमस्कार केला, बसायला खुर्च्या दिल्या आणि म्हणाली, “दादा, तुम्ही इतक्या लांब उगाच त्रास घेतलात. दुपारी मी शाळेला फोन करणारच आहे.”

“फोन थांबवा,” त्रिदिवेशबाबू म्हणाले. “तपास पुरा होईपर्यंत कुणी घराबाहेर जायचं नाही.”

“मला दूध आणायला जायचंय,” कनकलताबाई म्हणाल्या.

“तुम्ही जा.”

पण त्या गेल्या नाहीत. दारात स्टूल टाकून बसल्या. असं काही घरात रोज घडत नसतं.

त्रिदिवेशबाबूंनी खोली तपासली. पलंगाखाली भिंगातून पाहिलं. माइकला नखाने टिचकी मारली, फुंकर घातली, मग विनाकारण हुंगून पाहिला. फ्रीजपाशी थबकले.

“हा फ्रीज इथे कधीपासून आहे?”

“लग्नात आला.”

“आवाज आणि फ्रीज एकाच घरात नांदतात, आणि कुणाला संशय येत नाही!”

“वाचायच्या वेळी बंद करते, दादा. तुम्हीच सांगितलं होतं.”

“मग फ्रीज सुटला,” ते जरा नाराजीने म्हणाले. “ठीक. आता माझ्यासमोर वाचा. यंत्र नको, माइक नको. नुसत्या तोंडाने.”

मंदिराने भूगोल उघडला आणि वाचायला लागली. गंगेचा त्रिभुज प्रदेश, गाळ, सुंदरबन. त्रिदिवेशबाबू डोळे मिटून ऐकत होते. एकाएकी त्यांनी हात वर केला. चेहऱ्याचा जेवढा भाग दिसत होता, त्यावर तेज आलं.

“सापडला! टुटुल, ऐकलंस? आवाज थेट तोंडातूनच बसका निघतोय! म्हणजे यंत्र निर्दोष, सॉफ्टवेअर निर्दोष, माइक निर्दोष. इतके दिवस आपण भलत्यालाच पकडत होतो. दोष मुळातच आहे. गळ्यात.”

मंदिराने पुस्तक मिटलं. “मी म्हटलंच होतं,” ती हळूच म्हणाली. तिने मोबाइल उचलला.

“आणि कारणही मला माहीत आहे. हिवाळ्यातच का? हिवाळ्यात बंगाली गळ्यातून असं काय उतरतं, जे उन्हाळ्यात उतरत नाही?” त्यांनी सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. “खजुराचा नवा गूळ. नोलेन गूड. ते संदेशात घालतात, पायसात घालतात, आणि ते चिकट द्रव्य स्वरतंतूंवर लेप देऊन बसतं. बाई, नोलेन गूड आजपासून बंद.”

खोलीत अशी शांतता पसरली, की हिला त्यांच्या मजकुरातली ‘संशयास्पद’ म्हणावं की ‘अचानक’, हे टुटुलला ठरवता येईना. गुळाच्या मोसमात बंगाली घरात असं वाक्य आजवर कुणी उच्चारलं नसावं. वर झोपलेल्या मुलाची खाटसुद्धा करकरली.

कनकलताबाई स्टुलावरून उठल्या.

“काय म्हणालास, बाबा?”

“काय?” त्रिदिवेशबाबू म्हणाले.

“मी विचारते, तू काय म्हणालास!”

“जरा मोठ्याने, मासीमा. तुमचाही आवाज बसलाय. हं! घरातच साथ आहे.”

“माझाही?”

“जो रोग सुनेला, तोच सासूला. एकाच भांड्यातला गूळ.”

“आणि माझा?” टुटुलने विचारलं.

“तुझा केव्हापासून. कालीपूजेपासून.”

बाहेरून एक मासेवाली ओरडत चालली होती. कनकलताबाईंनी खिडकीकडे बोट केलं. “तिचा?”

त्रिदिवेशबाबूंनी लक्ष देऊन ऐकलं. त्यांची मुद्रा गंभीर झाली. “तिचाही. फार पसरलंय, मासीमा. अख्खं कृष्णनगर बाधित आहे. हे सरकारला कळवायला हवं.”

“बाबा,” कनकलताबाई म्हणाल्या, “टोपी काढ.”

“थंडी आहे.”

“काढ म्हणते ना.”

“मासीमा, सरस्वतीपूजेच्या आधी मी—”

पण मासीमांनी चार मुलं आणि नऊ नातवंडं यांची तोंडं धुतली होती. एका हाताने त्यांनी हनुवटी धरली, दुसऱ्या हाताने शेंडीचा गोंडा, आणि टोपी ओढली. मग ती हातात घेऊन तिची जाडी चाचपली, दोन्ही बाजू पाहिल्या, आणि टुटुलच्या मांडीवरच्या हेडफोनकडे नजर टाकली.

“ते कानावरचं यंत्र हा कशावर घालतो?”

“टोपीवर,” टुटुल म्हणाला.

“कानावर घोंगडी, आणि घोंगडीवर यंत्र.” त्या परत स्टुलावर बसल्या. “आणि गूळ मी सोडायचा.”

खिडकीबाहेर मासेवाली वळणावर पोचली होती. तिची हाक त्रिदिवेशबाबूंच्या उघड्या कानांत शिरली, आणि ते दचकले. कुठेतरी सायकलची घंटी वाजली. वर खाट करकरली. नुसती घड्याळाची टिकटिकसुद्धा त्यांना कुणी कानात सुपारी फोडावी तशी वाटली.

त्यांनी हात पुढे केला; टुटुलने हेडफोन दिला. मंदिराने न सांगता लॅपटॉप उघडला आणि शेवटचं मुद्रण लावलं, ते ट्रेबल तीनदा वाढवलेलं. त्रिदिवेशबाबूंनी ते एक वाक्यभर ऐकलं आणि दोन्ही हातांनी जबडा धरला.

“दात,” टुटुलने चौकशी केली, “शिवशिवतात?”

त्यांनी मान हलवली. मग जरा चाचरत विचारलं, “ते... पहिलं? औषधाआधीचं?”

“ते तुम्ही पुसून टाकायला सांगितलं होतं, दादा.”

“हो. मीच.” त्यांनी हेडफोनची वायर बोटाभोवती गुंडाळली. “मग पुसलंत?”

मंदिराने पदराशी चाळा केला. “तुमचं सगळं ऐकलं, दादा. पण मुलांसाठी वाचलेलं होतं ते. पुसायला हात धजावला नाही.”

तिने ते लावलं. नोव्हेंबरमधलं वाचन, इतिहासाचा पहिला धडा. स्वच्छ, उबदार, घाई नसलेला आवाज. प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ आपापल्या जागी. पान उलटल्याची हलकी सळसळ, आणि मागे कुठेतरी कनकलताबाईंच्या पूजेची घंटा, इतकी बारीक की ती काढून टाकायचं कुणाच्या मनात येऊ नये. त्रिदिवेशबाबू ऐकत राहिले. चहा आला, सरपुरिया या सायीच्या मिठाईची वाटी आली, चहावर साय धरली. धडा संपला. त्यांनी हेडफोन तसाच ठेवला.

“पुढचा धडा?” त्यांनी विचारलं.

“दादा, तुम्हाला काय वाटतं? शाळेला फोन करू का?”

“करा.” त्यांनी घसा साफ केला. “सांगा, रोगी बरा झाला.”

“कोण रोगी?” कनकलताबाईंनी विचारलं.

“मासीमा, सरपुरिया छान आहे,” त्रिदिवेशबाबू म्हणाले.

मंदिराने फोन केला. आपण पुस्तकं सोडत नाही, उलट जुनी, चांगली वाचनं आजच पाठवते, असं सांगताना तिचा आवाज पहिल्यांदाच थोडा बसला. पण त्याचं निदान करायला कुणी पुढे आलं नाही. मग तिने लॅपटॉपकडे पाहिलं आणि थबकली.

“पण फायली अजून मोठ्याच आहेत. मेलने जात नाहीत. माझा प्रश्न तोच होता, दादा.”

त्रिदिवेशबाबूंनी भिंग खिशात ठेवलं. हा प्रश्न त्यांना आठवत होता. त्याचं उत्तर त्यांना तेव्हाही येत नव्हतं.

“एमपीथ्री करून टाका,” टुटुल म्हणाला. “दहाव्या हिश्श्यावर येतील. आणि आत्ता घाई असेल तर पेनड्राइव्ह द्या, आम्ही जाता जाता शाळेत देतो.”

“तुला हे माहीत होतं?” जामाईबाबूंनी बाहेर पडल्यावर विचारलं.

“हो.”

“आणि टोपीचं?”

टुटुलने थर्मास दुसऱ्या हातात घेतला. “तुम्ही मागे म्हणाला होतात की तुम्ही हाडांनी ऐकता. मला वाटलं, असेल.”

शाळेच्या फाटकाशी त्रिदिवेशबाबूंनी पेनड्राइव्ह शिपायाच्या हातात नाही दिला. आत जाऊन शिक्षिकेच्या हातात दिला, आणि भूगोल सोडलेल्या मुलीला आधी ऐकवा, असं दोनदा बजावलं. त्यांचे कान लाल झाले होते. ते थंडीने, असं त्यांनी टुटुलला सांगितलं. परतीच्या नावेत त्यांनी वल्ह्याचा आवाज, पाण्याचा आवाज आणि शेजारच्या बाईच्या कोंबडीचा आवाज कौतुकाने ऐकला. टुटुलने मफलर पुढे केला तर नको म्हणाले.

घरी मात्र शेफालीदेवी दारातच उभ्या होत्या. “दिवसभर टोपीशिवाय हिंडलात? या वयात?” असं म्हणून त्या पुढे जे बोलल्या, ते त्रिदिवेशबाबूंनी हिवाळ्यात पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं. ते मुकाट आत गेले आणि टोपी घालून बसले. पण पुढ्यात लॅपटॉप ओढल्यावर दोन्ही बाजू वर दुमडून कान तेवढे मोकळे केले.

फलकावर त्यांनी लिहिलं : ‘शीतमंदता प्रकरणाचा छडा लागला आहे. कारण : ध्वनी आणि अन्वेषक यांच्यामधला लोकरीचा अडसर. सिलिगुडीच्या अनुपमच्या कानांची मी माफी मागतो. मंदिरा भौमिक यांचा आवाज निर्दोष होता, आहे. नोलेन गूड निर्दोष आहे.’ खाली तो मजकूर आपोआप उमटला. फक्त ‘माझ्या कानांना आजवर कोणीही फसवू शकलेलं नाही’ या वाक्यानंतर एक नवा कंस आला होता : ‘(शेफालीदेवींची टोपी वगळता)’.

मंडळाने ठराव करून एक उपदेश फलकाच्या माथ्यावर कायमचा टांगला : ‘प्रश्न विचारण्यापूर्वी, आणि उत्तर देण्यापूर्वी, टोपी काढा.’ कुणी तरी तो भाषांतर करून मूळ कारागिरांनाही पाठवला.

आठवड्याभराने बर्फाळ देशातून उत्तर आलं. ‘तुमचं निवेदन आम्ही तपास न करताच निकालात काढलं होतं, त्याबद्दल दिलगीर आहोत. काल आमच्या कार्यशाळेत सहज पाहिलं. आम्ही चौघेही लोकरी टोपीवरूनच ऐकत होतो. तीन वर्षांपासून सॉफ्टवेअरमधला वेगळाच दोष समजून ज्याच्या मागे होतो, तो दोष नाहीच. मनापासून आभार.’

त्रिदिवेशबाबूंनी ते दोनदा वाचलं. खुर्ची पुढे ओढली, टोपीच्या बाजू नीट वर दुमडल्या आणि जबाबदारीने उत्तर लिहिलं.

‘टोपीची आवृत्ती कोणती?’